लाईट तीच, वेळेचा भाव निराळा

महिनाअखेरीस लाईटबिल दारात पडले की आपल्या घरांत दोनच गोष्टी पाहिल्या जातात. भरायची रक्कम किती आणि शेवटची तारीख कोणती. स्थिर आकार म्हणजे काय, वहन आकार कशाचा, हे वाचायला कुणाला सवड नसते, आणि सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत ते छापलेलेही नसते. पण आता या बिलात एक नवीन गोष्ट शिरली आहे. ती म्हणजे घड्याळ. आजवर महिन्यात युनिट किती जाळले यावर पैसे ठरत होते. यापुढे ते युनिट दिवसाच्या कोणत्या वेळी जाळले, यावरही ठरणार आहेत.

साहेबलोकांच्या भाषेत याला ‘डिमांड रिस्पॉन्स’ आणि ‘स्मार्ट ग्रीड’ अशी नावे आहेत. नावे मोठी असली तरी आतली गोष्ट अवघड नाही. विजेचा तुटवडा असेल त्या वेळी ग्राहकाने वापर आवरायचा, मुबलक असेल त्या वेळी वाढवायचा आणि त्याबद्दल त्याला काही सवलत मिळायची, हा झाला डिमांड रिस्पॉन्स. आणि कोण, कुठे, कोणत्या क्षणी किती वीज वापरतो हे कंपनीला बसल्या जागी कळावे म्हणून तारांच्या जाळ्याला मीटरची आणि संगणकाची जोड द्यायची, हे झाले स्मार्ट ग्रीड. यात फायदा कुणाचा आणि भार कुणावर, हे आपल्या कुटुंबांनी आताच समजून घेतले पाहिजे. मीटर बदलणारा माणूस दारात उभा राहिला की विचार करायला वेळ मिळत नाही.

साठवणीची अडचण

धान्य कणगीत ठेवता येते, पाणी पिंपात भरता येते. विजेचे तसे नाही. बॅटरीत ती साठवता येते, पण सगळ्या राज्याची संध्याकाळ निघेल एवढ्या बॅटऱ्या अजून आपल्याकडे नाहीत. म्हणून ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. वीज केंद्रांतील जनित्रे एका ठरलेल्या ठेक्यावर फिरतात. सेकंदाला ५० आवर्तने, हा आपल्या देशाचा ठेका. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही, तर चढावर लागलेल्या हातगाडीसारखा हा ठेका मंदावतो. तो ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवावा लागतो. फारच घसरला तर यंत्रे वाचवण्यासाठी केंद्रे आपोआप सुटू लागतात आणि मग प्रदेशच्या प्रदेश अंधारात जातो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात असे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी तर सुमारे ६० कोटी लोक राहतात एवढ्या मुलखाची वीज गेली होती. मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. त्या दिवशी कळवा-पडघे भागातील वाहिन्यांत बिघाड झाला आणि शहरातील लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मागणी दिवसभर सारखी नसते. पहाटे ती कमी असते, सकाळी चढते, आणि दिवेलागणीला घरोघरी दिवे, पंखे, टी. व्ही. एकदम सुरू झाले की पुन्हा उसळी घेते. या उसळीपुरती वीज लागते ती दिवसाचे दोन-चार तास, वर्षातले काही दिवस. पण तेवढ्यासाठी केंद्रे, तारा, रोहित्रे सगळे वर्षभर राखून ठेवावे लागते, आणि त्याचा खर्च बिलातून वसूल होतो. लग्नाच्या एका दिवसासाठी हजार माणसांचा हॉल बांधून वर्षभर त्याची घरपट्टी भरत बसण्यासारखाच हा प्रकार. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने महाराष्ट्राला हा धडा फार महागात दिला. त्याचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. कराराची रचनाच अशी होती की वीज घेतली न घेतली तरी मंडळाला क्षमतेचे पैसे मोजावे लागत.

संध्याकाळच्या उसळीसाठी आपल्या राज्याचा मोठा आधार म्हणजे कोयना. १,९६० मेगावॅटचे हे जलविद्युत केंद्र काही मिनिटांत पूर्ण जोरात आणता येते. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही. पण कोयनेचे पाणीही मोजून मिळते. कृष्णा लवादाच्या निवाड्याप्रमाणे पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टी. एम. सी. एवढीच मर्यादा. घाटघरला तर वीज मुबलक असताना पाणी वर चढवून ठेवतात आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून २५० मेगावॅट वीज मिळवतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत या हिशोबात सूर्य आला. दुपारी सौर वीज भरपूर आणि स्वस्त, सूर्य मावळला की ती शून्य. आणि नेमकी तेव्हाच घरोघरची मागणी वर चढते. कोळशाची केंद्रे दुपारी दाबून ठेवायची आणि दोन-तीन तासांत पुन्हा पेटवायची, ही कसरत रोजची झाली आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली होती. प्रत्येक उसळीसाठी नवे केंद्र बांधण्यापेक्षा उसळीच थोडी बसवता आली तर? या एका प्रश्नातून वीज कंपन्यांचा सगळा धंदा बदलू लागला आहे. जास्त युनिट खपले की जास्त कमाई, हा त्यांचा आजवरचा साधा हिशोब. आता काही तासांपुरते तरी “विकत घेऊ नका, आम्ही तुम्हालाच पैसे देतो” असे म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आली आहे.

इथे एक गोष्ट नव्या पिढीला सांगितली पाहिजे. वीज हा विषय आपल्या समाजाला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीजखाते त्यांच्याच अखत्यारीत होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीज विकासासाठी नेमलेल्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, कारभार केंद्राकडे असावा की प्रांतांकडे, असे मूळ प्रश्न त्यांनी तिथे मांडले. दारिद्र्य हटवायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, आणि १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी झाली. आपले मंडळ १९६० साली आले आणि २००५ साली त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली तेव्हा दक्षिणेचे जाळेही देशाच्या जाळ्यात सामील झाले. तेव्हापासून सगळ्या देशाचा ठेका एक आहे.

अंधार कुणाच्या वाट्याला आला?

मागणी आवरण्याची कल्पना नवी आहे असे जे सांगतात, त्यांनी २००५ ते २०१२ चा महाराष्ट्र आठवावा. मागणी आवरलीच जात होती. तिचे नाव होते भारनियमन. खेड्यांत बारा-बारा तास लाईट नसे. आणि हा अंधार वाटण्याची पद्धत कशी होती? वीजगळती किती आणि वसुली किती, यावरून विभागांचे अ, ब, क असे गट पाडले जात. गळती जास्त, वसुली कमी, तिथे अंधार जास्त. ऐकायला न्याय वाटतो. पण एका फीडरवर दोनशे घरे असतील आणि त्यातल्या चाळीसांनी आकडे टाकले असतील, तर उरलेल्या एकशेसाठ घरांनी वेळेवर बिल भरूनही शिक्षा भोगायची. गळती मोजली जायची ती तारेची, माणसाची नव्हे. गरीब वस्त्या, गावाबाहेरच्या वस्त्या बहुधा जुन्या तारांवर आणि दमलेल्या रोहित्रांवर असतात. साहजिकच तिथली गळती जास्त दिसायची. दहावीच्या मुलाने कंदिलावर अभ्यास केला, त्याची भरपाई कुणी कुणाला दिली नाही.

शेतीपंपांची गोष्ट याहून जुनी. थ्री-फेज वीज पाळीने मिळायची, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. शहरांची आणि कारखान्यांची उसळी निभावी म्हणून शेतकऱ्याने रात्री साप-विंचवाच्या भीतीत, आता तर बिबट्याच्या भीतीत, पाणी धरायला जायचे. पुस्तकी भाषेत हेही मागणी वळवणेच. फरक एवढाच की त्याला कुणी विचारले नव्हते. शेतीचे फीडर सौर विजेवर नेऊन दिवसा पाणी देण्याची योजना राज्यात सुरू आहे. ती नीट पुरी झाली तर लाखो घरांतली रात्रीची चिंता मिटेल. सौर विजेचे सगळ्यात मोठे काम, माझ्या मते, हेच.

त्याच भारनियमनाच्या काळात पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. २००६ साली तिथल्या कारखान्यांनी तयारी दाखवली की उसळीच्या वेळी आम्ही आमची जनित्रे चालवू, मंडळाची वीज तेवढी कमी घेऊ, आणि ती शहराला द्या. डिझेलचा जादा खर्च वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने शहरातील ग्राहकांकडून जादा आकार लावून भरून काढला गेला, आणि कमी युनिट वापरणाऱ्यांना त्यातून वगळले. शहराचे भारनियमन टळले. ज्याला परवडते त्याने पैसे मोजले आणि ज्याने वापर कमी केला त्याला खर्च मिळाला, हे त्यातले बरे. बाकी जिल्ह्यांतला अंधार मात्र तसाच राहिला, कारण तिथे ना असे कारखाने होते, ना असे ग्राहक.

इतर देशांत काय झाले

इंग्लंडमध्ये ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलचा उपांत्य सामना संपताच लाखो घरांत एकदम चहाची किटली लावली गेली. वीज मागणीने जवळजवळ २,८०० मेगावॅटची उडी घेतली. म्हणजे कोयनेच्या दीडपट, तीही काही मिनिटांत! तिथले अभियंते टी. व्ही. चा कार्यक्रम हाताशी ठेवून बसत, ही काही थट्टा नाही. त्याच देशात २०२२-२३ च्या हिवाळ्यात सुमारे १६ लाख घरे व धंदे एका योजनेत सामील झाले. अमुक दिवशी संध्याकाळी तासभर वापर कमी करा आणि कमी केलेल्या युनिटमागे पैसे घ्या, अशी ती योजना होती.

फ्रान्सने हे काम संगणकाच्या आधीच केले. तारांमधूनच एक खास संकेत पाठवून घरोघरचे पाणी तापवायचे बंब रात्री स्वस्त दरात सुरू करायची पद्धत तिथे अनेक दशकांची आहे. सकाळी घरच्यांना गरम पाणी मिळते, रात्री केंद्रे रिकामी राहत नाहीत. कुणाच्याही सोयीत काही बिघडत नाही. चांगली योजना ओळखायची खूण हीच.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ऑगस्ट २०२० मध्ये पाळीपाळीने वीज तोडावी लागली होती. दोन वर्षांनी, ६ सप्टेंबर २०२२ रोजी, उकाड्याने मागणी ५२,००० मेगावॅटच्या वर गेली. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सरकारने लोकांच्या मोबाईलवर संदेश पाठवला की जरुरी नसलेली वीज बंद करा. अर्ध्या तासाच्या आत हजार मेगावॅटहून अधिक मागणी उतरली आणि अंधार टळला. लोकांना विश्वासात घेतले तर लोक ऐकतात, याचे हे उदाहरण.

पण दुसरी बाजूही त्याच देशात दिसली. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याची थंडी पडली, केंद्रे गोठली, आणि घाऊक बाजारातला विजेचा दर एका युनिटला ९ डॉलरपर्यंत गेला. ज्या घरांनी घाऊक बाजाराच्या दराने वीज घेण्याचा करार केला होता, त्यांना काही दिवसांचे हजारो डॉलरचे बिल आले. एरवी त्याच करारात त्यांचे चार पैसे वाचत होते. दर वेळेप्रमाणे बदलायचा तर त्याला वरची मर्यादा हवी आणि ग्राहकाला आधी कळायला हवे.

मुंबईत टाटा पॉवरने २०१२ पासून मोठ्या ग्राहकांबरोबर असे कार्यक्रम केले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने ५५ हजार घरगुती आणि ६ हजार मोठ्या ग्राहकांना घेऊन पहिल्या सहा महिन्यांत ७५ मेगावॅट मागणी उतरवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मॉलमधील वातानुकूलन तासभर दोन अंशांनी कमी केले तर कुणाला कळतही नाही. अशा ठिकाणी मागणी खरोखर लवचीक असते. आता आपण आपल्या घराकडे वळू.

सवलतीच्या वेळी घराला कुलूप

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. दिवसातल्या आठ सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आणि उसळीच्या तासांत कारखाने व व्यापाऱ्यांना किमान २० टक्के, इतरांना किमान १० टक्के जास्त, असे त्याचे सूत्र. शेतीखेरीज सर्व ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख ठरली, आणि स्मार्ट मीटर बसला की हे लागू. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासूनच्या दरपत्रकात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. दरपत्रक आयोगाच्या आणि कोर्टाच्या आदेशांनी बदलत असते. म्हणून आपल्या ताज्या बिलावर काय छापले आहे तेच धरून चालावे.

सकाळी ९ ते संध्याकाळी ५. ही वेळ पुन्हा एकदा वाचा. आपल्या घरातला कर्ता माणूस या वेळी कामावर असतो. बाई धुण्याभांड्याच्या कामावर, शिलाईच्या कारखान्यात, दवाखान्यात आयाच्या ड्युटीवर असते. मुले शाळेत. सवलत सुरू होते आणि घराला कुलूप लागते. माणसे परततात, चूल पेटते, मुले अभ्यासाला बसतात, तेव्हा सवलतीची वेळ संपलेली असते.

आकडेच मांडू. महिन्याला ९० युनिट वापरणारे एका खोलीचे घर धरा. दिवसा कुलूप असेल तर फ्रीज तेवढा चालू. साध्या फ्रीजला दिवसाला एक युनिट धरले तर सवलतीच्या आठ तासांचे महिन्याला दहा युनिट होतात. ८० पैशांनी बचत ८ रुपये. घरात आजी-आजोबा असतील आणि पंखा चालत असेल तर आणखी १८ युनिट, म्हणजे १४ रुपये ४० पैसे. आता ४०० युनिट वापरणारा फ्लॅट धरा. दुपारी ए. सी., कपडे धुण्याचे यंत्र, घरूनच कॉम्प्युटरवर काम. दिवसाचे १५० युनिट सहज होतील. बचत १२० रुपये. युनिटमागे सवलत दोघांना सारखीच. पण वळवायला ज्याच्याकडे मुळात काही आहे त्यालाच ती भेटते. एक ट्यूब, एक पंखा, एक टी. व्ही. यातले दुपारी काय वळवायचे?

म्हणून संध्याकाळच्या जादा दराचा प्रश्न आपल्या दृष्टीने सवलतीपेक्षा मोठा आहे. कमी युनिटवाल्या घरांना त्या जादा दरातून कायम वगळावे, ही मागणी महिला मंडळांनी, कामगार संघटनांनी आयोगाच्या जनसुनावणीत केली पाहिजे. दर ठरवण्याआधी आयोग हरकती मागवतो, जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते. आपल्यातले फार थोडे लोक तिथे जातात. कारखानदारांचे वकील मात्र हजर असतात.

मीटरच्या खर्चाचेही पाहा. २०२१ च्या केंद्रीय योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरचे उद्दिष्ट ठेवले गेले. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे दिली. देखभालीसह एका मीटरमागे खर्च सुमारे १२ हजार रुपये. केंद्राचे अनुदान मीटरमागे ९०० रुपयांपर्यंत. गळती कमी होऊन उरलेला खर्च निघेल, असे सांगितले जाते. निघेलही. नाही निघाला तर तो कुठून येणार, हे हिशोब लिहिणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. राज्यभर विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये सरकारने सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर बसू लागले ते आधी वापर, मग बिल या पद्धतीचे मीटर. वेळेप्रमाणे नोंद मात्र ते करतातच.

या मीटरचे गुणही आहेत. ते ठरावीक वेळाने स्वतःच रीडिंग कळवतात. त्यामुळे ‘घर बंद’ म्हणून सरासरी बिल येण्याचा छळ थांबू शकतो. कोणत्या रोहित्रावर किती भार आहे, गळती नेमकी कुठे आहे, हे कळते. म्हणजे चाळीस आकड्यांसाठी एकशेसाठ घरांना शिक्षा करण्याची सबब उरत नाही. ही गोष्ट आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे आणि ती कंपनीकडून लेखी वदवून घेतली पाहिजे. उलट बाजूने, लाईनमन न येता कचेरीतूनच वीज तोडता येते. आणि घरोघर रीडिंग घेत फिरणारी कंत्राटी मुले, त्यांच्या पोटाचे काय, याचे उत्तर कुठल्याही योजनेत दिसत नाही.

घरात आणि वस्तीत करण्यासारखे

वळवण्याजोगे जे थोडे आहे ते वळवावे. इस्त्री तासाला सुमारे एक युनिट खाते, ती सुटीच्या दिवशी दुपारी आठवड्याची एकदम करावी. ई-रिक्षा किंवा बॅटरीची गाडी असेल तर जेवणाच्या सुटीत चार्जिंगला लावता येते का, पाहावे. पुनर्वसनाच्या इमारतींत पाण्याचा पंप ही सगळ्यात मोठी संधी. तीन अश्वशक्तीचा पंप तासाला सव्वादोन युनिटच्या आसपास घेतो. टाकी संध्याकाळी भरण्याऐवजी दुपारी भरली तर कुणाच्याही घरातली सोय जात नाही, आणि सोसायटीचे सामाईक बिल उतरते.

वळवण्यापेक्षा वाचवणे आपल्याला जास्त फायद्याचे. जुना पंखा ७५ वॅटचा असतो. बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. तीस वॅटच्या नव्या पंख्याला तेवढ्याच वेळात ११ लागतात. शंभर युनिटच्या वरच्या टप्प्याचा दर सुमारे दुप्पट असल्याने, काठावरच्या घराला हे सोळा युनिट फार महत्त्वाचे ठरतात.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी घरमालकाच्या सबमीटरचा दर आणि मूळ बिलाचा दर पडताळून पाहावा. दिवसाची सवलत मालकाच्या खात्यावर जमा होते आणि भाडेकरू पूर्ण दर भरतो, असे घडायला वेळ लागणार नाही.

मीटर बदलायला माणूस आला तर त्याचे ओळखपत्र पाहावे. जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग आणि नव्याचे पहिले, दोन्हीचा मोबाईलवर फोटो काढावा. बदलीचा कागद मागून घ्यावा. बिल अचानक फुगले तर लेखी तक्रार करावी. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे रीडिंगबद्दल तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत पडताळणीचा जादा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहायचा आहे. पोस्टपेड बिल थकले तरी वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. आणि कुणी प्रीपेड मीटर घेतलाच, तर कलम ४७ प्रमाणे त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. आधीची ठेव परत मागावी.

कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते. वकील लागत नाही, साध्या मराठीतला अर्ज चालतो. मंचाच्या आदेशाने समाधान झाले नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जावे. मंचाचा पत्ता बिलावर छापलेला असतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.